पाठ कुठून वाकते

आमच्या योगवर्गाच्या जुन्या बाई नातवंडं सांभाळायला सायगॉनला निघून गेल्या, आणि मग काही दिवस वर्ग सुओंगताईंच्या आवाजावर चालला. सुओंगताई आमच्या अध्यक्ष. आमच्या क्वी न्योन शहराच्या बाजारात त्यांचा सुक्या म्हाकुळाचा गाळा आहे. तिथे गिऱ्हाईक बोलवायला जो आवाज लागतो, तोच त्या पहाटे समुद्रकाठच्या फरशीवर लावायच्या. "हात वर! अजून वर! कोथिंबिरीची जुडी मागताय का? वर!" साठी उलटलेली बाई, पण आवाज विशीतला. अंग मात्र आवाजाचं ऐकत नव्हतं.

मग होआईबाई आल्या. त्या इस्पितळात व्यायामोपचार विभागात होत्या. पडलेल्या-मोडलेल्या माणसांना पुन्हा उठवून चालवायचं, हे त्यांचं रोजचं काम. वय चाळिशीच्या आत, बांधा बारीक, बोलणं इतकं हळू की लाटांचा आवाज थांबायची वाट बघावी लागायची. पहिल्याच दिवशी त्या सुओंगताईंना "मावशी" म्हणाल्या.

"मावशी मी बाजारात," सुओंगताईंनी लगेच अडवलं. "चटईवर सगळ्या ताया. आणि तुम्ही वयानं केवढ्याही लहान असा, तुम्ही बाई. ठरलं?"

"ठरलं, ताई."

मी दिएप. बाजारामागच्या गल्लीत माझं केस धुण्याचं दुकान आहे. बायका येतात, पलंगावर उताण्या पडतात, मी त्यांचं डोकं चोळते आणि त्या मला सगळं सांगतात. त्यामुळे वर्गात कुणाला काय वाटतंय ते मला वर्गापेक्षा दुकानातच आधी कळायचं. होआईबाईंच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: ही बाई आपल्याला झोपवते.

तेही खरं होतं. आम्हाला चक्रासन करायचं होतं. आठ मार्चला, महिलादिनाला, शहरातले सगळे वर्ग चौकातल्या मंचावर कवायत करतात. सारखे कपडे, मोठ्यानं गाणं, आणि शेवटी एक असं चित्र जमवायचं की लोकांनी मोबाईल वर धरावेत. आमचं चित्र कमळाचं होतं. गोलात सगळ्यांची चक्रासनं म्हणजे पाकळ्या, आणि मधोमध उयेन. उयेन लग्नाचे आओ दाई, म्हणजे लांब अंगरखे, शिवते. तिशीला आलेली, अंगानं वेलीसारखी. ती उभ्याउभ्या मागे वाकायची, हात जमिनीवर टेकवायची, आणि मग हात चालवत चालवत स्वतःचे घोटे धरायची. ती तशी वाकली की फिरायला आलेले लोकही थांबून टाळ्या वाजवायचे.

आणि होआईबाईंनी काय करावं? प्रत्येकीला टॉवेलची गुंडाळी करायला लावली, ती पाठीखाली आडवी, बरोबर छातीच्या मागे घालायला लावली आणि सांगितलं, "आता पडून राहा."

"बाई," सुओंगताई टॉवेलवरूनच म्हणाल्या, "झोपायला मला घरी पलंग आहे."

"ताई, कुठे ताण येतोय?"

"कुठेच नाही. खांद्यांच्या मध्ये कुणीतरी दगड ठेवलाय एवढंच."

"तो दगड म्हणजे तुमची पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी बाई पिशवीतून प्लास्टिकचा कणा घेऊन आल्या. मानेपासून माकडहाडापर्यंत सगळे मणके, खाली खुब्याची हाडं. दोन-तीन बायका चटईसकट मागे सरकल्या.

"हा कुणाचा?" सुओंगताईंनी विचारलं.

"प्लास्टिकचा आहे, ताई."

"प्लास्टिकचा असला तरी कुणावरून तरी काढला असेल ना. नाव काय त्याचं?"

नाव नव्हतं. म्हणून ताईंनीच ठेवलं, साऊकाका, म्हणजे सहावे काका; आमच्याकडे माणसांना अशी क्रमांकानंच हाक मारतात. तेव्हापासून रोज सकाळी साऊकाकांना आधी नमस्कार, मग वर्ग.

बाईंनी साऊकाकांना मागे वाकवून दाखवलं. मान वाकली. कंबर वाकली. मधला छातीचा भाग जवळजवळ तसाच राहिला. "इथल्या मणक्यांना फासळ्या जोडलेल्या आहेत," त्या म्हणाल्या, "आणि मागचे काटे एकमेकांवर कौलांसारखे चढलेत. म्हणून हा भाग मागे कमीच जातो. खाली कमरेत तसली अडचण नाही. मग आपण मागे वाकायला लागलो की शरीर काय करतं? जिथे सोपं, तिथेच सगळं वाकवतं. शेवटच्या एक-दोन मणक्यांत."

"म्हणजे घरात जी सून नाही म्हणत नाही तिच्याच अंगावर सगळी कामं," सुओंगताई म्हणाल्या.

बाई हसल्या. त्या फार क्वचित हसायच्या. "अगदी तसंच. आणि आपल्याला काय करायचंय, तर बाकीच्या सुनांना उठवायचंय."

मग प्रत्येकीच्या बाकीच्या सुना कुठे लपल्यात ते त्या शोधत बसल्या. सुओंगताईंचं आयुष्य वाळवणाच्या जाळ्यांवर ओणवं होण्यात आणि गाळ्यावरच्या बुटक्या स्टुलावर बसण्यात गेलेलं. छाती मिटलेली, आणि मांडीच्या सांध्याच्या पुढचा स्नायू आखडून गेलेला. बाईंनी दाखवलं, की तो स्नायू कमरेच्या मणक्यांना आतून धरून ओटीपोटातून मांडीपर्यंत उतरतो. तो आखूड असला आणि माणूस मागे वाकलं, की तो कमरेलाच पुढे ओढतो. "म्हणून तुमची कंबर दुखते, ताई. कमरेचा दोष नाही. तिला वरून कुणी मदत करत नाही आणि खालून कुणी सोडत नाही."

ताईंना हे फार पटलं. त्या दिवसापासून बाजारातही त्यांचा व्यायाम सुरू झाला. एक गुडघा म्हाकुळाच्या पोत्यावर टेकायचा, दुसरा पाय पुढे, आणि कंबर न वाकवता मांडीचा सांधा पुढे सोडायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, काय हरवलं?" ताई म्हणायच्या, "मांडीचा सांधा. सापडला की सांगते. वजन किती करू?"

उयेनच्या बाबतीत मात्र सगळं उलटं झालं.

तिनं घोटे धरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. होआईबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या बाजूनं फिरून तिच्या कमरेकडे बघत राहिल्या. उयेनची पाठ गोल वाकलेली नव्हती. वर सरळ, खाली सरळ, आणि मध्ये एका जागी घडी. चाकूची मूठ आणि पातं जिथे मिटतात तशी. मी ते इतके दिवस बघत होते आणि मला ते सुंदर वाटत होतं.

"उयेन, एका पायावर उभी राहा," बाई म्हणाल्या. "आता त्याच पायावर थोडी मागे वाक. थोडीच."

उजव्या पायावर काही झालं नाही. डाव्या पायावर उयेनचा चेहरा क्षणभर आवळला, मग तिनं तो सैल केला आणि हसली.

"दुखलं?"

"नाही."

"उद्यापासून तू मागे वाकायचं नाही. इस्पितळात ये, हाडांचा फोटो काढून घेऊ."

हे सगळ्यांसमोर झालं. उयेननं चटई गुंडाळली. "बाई, इथे कुणाची पाठ वाकत नाही, तर त्यांना शिकवा. माझी वाकते, त्याचा इतका त्रास का होतोय तुम्हाला?" आणि गेली. सुओंगताईंनी हाका मारल्या, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

"कमळ गेलं," सुओंगताई म्हणाल्या. "नुसत्या पाकळ्या घेऊन मी काय सूप करू?"



उयेन वर्गाला आली नाही, तरी केस धुवायला माझ्याकडे आलीच. टेतचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता, आणि सणाला मळक्या केसांनी कोण बसतं? तिनं डोकं मागे भांड्यावर टेकवलं, आडवी झाली, आणि लगेच दोन्ही गुडघे वर घेतले. मी म्हटलं, "पाय सोड की लांब." ती म्हणाली, "असंच बरं वाटतं." मी साबण लावला, चोळलं, धुतलं. उठायची वेळ आली तेव्हा ती आधी कुशीवर वळली, मग हातांनी रेटून बसली, आणि डोळे मिटून तशीच राहिली. माझ्याकडे येणाऱ्या ऐंशीच्या म्हाताऱ्या तशा उठतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"उयेन, मी केस धुते. डोळे शाबूत आहेत माझे."

ती आधी हसली. मग टॉवेलमध्ये तोंड घालून रडायला लागली. मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

"गेल्या टेतच्या आधीपासून, दिएपताई. डाव्या बाजूला, इथे. शिवण करून उठले की दुखतं. पालथी झोपले की दुखतं."

"आणि तरी रोज घोटे धरतेस?"

"टाळ्या वाजतात तेवढा वेळ नाही दुखत. नंतर दुखतं." तिनं नाक पुसलं. "दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे. नवऱ्यामुली आरशासमोर उभ्या असतात, मी त्यांच्या पायाशी टाचण्या लावत बसते. माझ्याकडे कोण बघतं? पहाटे तेवढं सगळे बघतात."

मला हाडांचं शास्त्र कळत नाही. पण साऊकाका मी रोज बघत होते. मी म्हटलं, "तुझ्या पाठीत एकच सून राबतेय पोरी. ती आता पडायला आलीय. उद्या मी दुकान उशिरा उघडते. आपण दोघी जाऊ."

"होआईबाई म्हणतील, बघ मी म्हटलं होतं."

"म्हणू दे की. तुझ्या कानांना काय झालंय? दुखते ती कंबर."

फोटो निघाला. डॉक्टर तरुण होता, त्यानं काचेवर बोट ठेवून दाखवलं. अगदी खालच्या मणक्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे, केसाएवढी चीर. पुन्हा पुन्हा एकाच जागी मागे वाकल्यानं पडते, तो म्हणाला. मणका जागेवरून सरकलेला नव्हता, हे नशीब. काही महिने मागे वाकणं बंद, उड्या बंद, आणि पोटाचे, पाठीचे, नितंबांचे स्नायू घट्ट करायचे. ते काम होआईबाईंकडे.

होआईबाई व्हरांड्यात उभ्याच होत्या. उयेननं मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "न्याहारी झाली का?"

तिघी इस्पितळासमोर माशांच्या वड्यांच्या शेवया खायला बसलो. वाटी अर्धी झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं, ते चुकलं माझं."

उयेननं आपल्या वाटीतली सगळ्यात मोठी वडी उचलून बाईंच्या वाटीत ठेवली. आमच्याकडे एवढ्यानं पुष्कळ बोलून होतं.

टेत संपला. तांदळाचे चिकट बान्ह तेत खाऊन आम्ही सगळ्या वाढीव पोटांनी परत आलो, आणि उयेनही आली. तिला बाईंनी हात आणि गुडघे टेकवून ओणवं उभं केलं. एक हात पुढे, विरुद्ध बाजूचा पाय मागे, आणि कमरेवर ठेवलेला चहाचा रिकामा पेला पडता कामा नये. पहिल्या दिवशी पेला सारखा पडायचा.

"मी घोटे धरायचे," उयेन कुरकुरली, "आणि आता लंगड्या खेकड्यासारखी उभी आहे."

"खेकड्याची पाठ कधी दुखलेली ऐकलीस?" सुओंगताई म्हणाल्या. "गप राहा आणि पाय उचल."

तिचा व्यायाम लवकर संपायचा. मग ती खुर्चीवर बसून आमच्याकडे बघायची. पहिले काही दिवस फुगलेली असायची. मग एका सकाळी सुओंगताई टॉवेलवर पडून कंबर उचलत असताना तिच्या तोंडून आपसूक निघालं, "सुओंगताई, उजवं पाऊल बाहेर वळतंय."

"वळू दे."

"वळलं की गुडघे फाकतात, आणि सगळा चिमटा माकडहाडाशी बसतो. आणि तुमचा उजवा खांदा डाव्याहून खाली आहे. तुमचा आओ दाई शिवताना मी तिथे गादी भरते. इथे कशी भरू?"

होआईबाई थांबल्या. जवळ येऊन त्यांनी ताईंचे खांदे पाहिले, हातानं चाचपले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला इतके दिवस दिसलं नव्हतं." आणि एका बाजूच्या टॉवेलखाली त्यांनी दुसरी घडी घातली.

शिंपिणीचीच नजर ती. कापड कुठे ओढतंय, कुठे झोळ पडतोय, ते तिला लांबून दिसायचं. हळूहळू बायका तिलाच विचारायला लागल्या. मला तिनं सांगितलं की मी मान मागे टाकून फसवते, छाती उचलतच नाही. मी म्हटलं, "मला सवय आहे, दिवसभर मी दुसऱ्यांच्या माना मागे टाकते." ती म्हणाली, "मग स्वतःची तरी जपा."

आठ मार्च जवळ आला. बाईंनी कमळ मोडून नवं चित्र मांडलं. ज्यांची छाती आणि खांदे उघडले होते त्यांनी पूर्ण चक्रासन करायचं. काहींनी गुडघ्यांवर उभं राहून, हात कमरेला लावून छाती आभाळाकडे न्यायची. ज्यांना तेही नको त्यांनी पाठीवर झोपून फक्त कंबर उचलायची, सेतू करायचा. समोरून बघताना उंच-सखल लाट दिसेल, असं त्या म्हणाल्या. मला सेतूत घातलं. मी खूश. सुओंगताईंनाही सेतूतच घातलं, आणि त्या मुळीच खूश नव्हत्या.

"अध्यक्ष लोळणार आणि सदस्य वर?"

"ताई, छाती छान उघडलीय तुमची. मांड्याही सैल झाल्यात. पण हात डोक्यामागे नेऊन तळवे जमिनीला लावायला खांदे अजून तयार नाहीत. तसंच रेटलंत तर पुन्हा कमरेवर येईल."

"मग खांद्यांना सांगा लवकर तयार व्हायला. मी काय अजून साठ वर्षं थांबणार आहे का?"

बाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "हात जमिनीवर नकोतच. उयेन, ये इकडे. ताईंच्या डोक्यापाशी उभी राहा, पाय त्यांच्या कानांच्या दोन बाजूंना. ताई, तिचे घोटे धरा. घोटे जमिनीहून उंच असतात, मनगट उलटं मोडावं लागत नाही, खांद्यांचं काम हलकं होतं. उयेन, तू उचलायचं नाही, वाकायचं नाही. तू फक्त खांब."

"खांब होता येईल मला," उयेन म्हणाली.

ताईंनी घोटे धरले. पावलं समांतर. श्वास सोडला. आधी कंबर उठली, मग छाती, आणि मग डोकं जमिनीवरून सुटलं. सुओंगताईंची म्हाकुळं उचलणारी, वाळवणं पसरणारी पाठ वर गेली, कमानीसारखी, वरपासून खालपर्यंत सारखी वाकलेली. उयेन सरळ उभी राहून खाली बघत होती आणि हळूच सांगत होती, "छाती माझ्या गुडघ्यांकडे. अजून. पाय आत. बास, छान. आता हनुवटी आत घ्या आणि या खाली."

खाली आल्यावर ताई उठेचनात. आम्हाला वाटलं काहीतरी झालं.

"ताई, दुखतंय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बाजारातला नव्हता. "समुद्र उलटा दिसला. इतकी वर्षं इथे राहतेय, मी असा कधी बघितलाच नव्हता."

आठ मार्चला चौक भरला होता. आमचे जांभळ्या साटीनचे कपडे उयेननंच शिवले होते. गाणं सुरू झालं, लाट नीट उठली, मी माझ्या सेतूतून आभाळ बघत होते. मग शेवटचं चित्र: सुओंगताई मधोमध आडव्या, उयेन त्यांच्या डोक्याशी उभी. ताईंनी घोटे धरले आणि हात सटकले. पुन्हा धरले, पुन्हा सटकले. साटीन गुळगुळीत! सरावाला आम्ही जुन्या सुती विजारींत होतो, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"अगं, हे मासळीसारखं निसटतंय!" सुओंगताईंचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या वरताण चौकात घुमला. लोक हसायला लागले.

उयेनला खाली वाकायचं नव्हतं. ती सरळ पाठीनं गुडघे वाकवून बसली, शिकवल्यासारखी, आणि सगळ्या शहरासमोर विजारीचे दोन्ही पाय पोटऱ्यांच्या वरपर्यंत गुंडाळले. मग उठून उभी राहिली. "आता धरा!"

ताईंनी उघडे घोटे धरले आणि वर आल्या. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कुणी ओरडलं, "आज्जी, एक नंबर!" त्यावर सुओंगताई उलट्या कमानीतूनच म्हणाल्या, "आज्जी कुणाला म्हणतोस रे!" आणि हसू फुटल्यामुळे त्यांना लवकर खाली यावं लागलं.

बक्षीस तिसरं मिळालं. सगळ्या जांभळ्याच कपड्यांत बान्ह सेओ, म्हणजे कोळंबीची कुरकुरीत धिरडी, खायला गेलो. होआईबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या, कारण तव्यांच्या चरचरीत हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यांनी बुधवारचा वर्ग उयेनला द्यायचा ठरवलं होतं. बाजारातल्या बायकांचा, ज्यांची छाती मिटलेली आणि मांड्या आखडलेल्या, त्यांचा.

"मला?" उयेन म्हणाली. "मी तर वाकूही शकत नाही सध्या."

"तुला दिसतं," बाई म्हणाल्या. "वाकायचं त्यांनी आहे."

उन्हाळ्यात पुन्हा फोटो निघाला. चीर वाढली नव्हती, डॉक्टरनं थोडं थोडं मागे वाकायची परवानगी दिली, आणि दुखणं बहुतेक गेलं होतं. बुधवारी सकाळी मी दुकान उघडायला निघते तेव्हा फरशीवरून उयेनचा आवाज ऐकू येतो, सुओंगताईंच्या तालमीत चांगलाच वाढलेला: "मान नाही, ताई, छाती! मान शेवटी! आणि त्या कमरेला जरा आराम करू द्या, बिचारी रोजच राबते!"